डोंगरावरचे ससे घटले, त्यात नराचा दोष किती?

प्रश्न नवी मुंबईतल्या खारघरहून आला आहे. विचारणारे गृहस्थ बरीच वर्षं पहाटे खारघर हिलच्या रस्त्याने फणसवाडीच्या बाजूला चालायला जातात. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी वळणावर गाडीच्या दिव्यात ससा हमखास दिसायचा, आता महिनोन् महिने दिसत नाही. युरोपात रानससे घटले आणि नरांची प्रजननक्षमता कमी झाल्याचा संशय घेतला गेला, असं त्यांच्या वाचनात आलं. डोंगराच्या एका अंगाला तळोजा, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा. तेव्हा आपल्याकडच्या नरांचंही तसंच झालं असेल का, आणि चार-दोन ससे पकडून तपासता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

पकडण्याचं आधी निकालात काढतो. पकडायचे नाहीत. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी जाळ्यात आलेला रानससा धडपडून आणि धसक्याने मरतो. तिथल्या तिथे नाही मेला तर दोन-चार दिवसांत स्नायू सडून मरतो. जो प्राणी कमी झालाय म्हणून आपल्याला काळजी आहे, त्याचे उरलेले चार तपासणीपायी घालवायचे, यात काही अर्थ नाही.

आता नराबद्दल. मी पशुवैद्य आहे. वळू, रेडे, बोकड, जातिवंत कुत्रे यांच्या वीर्याची तपासणी हे माझं नेहमीचं काम, आणि वनखात्याने बोलावलं तर ठाणे-पनवेल भागात मेलेल्या वन्यप्राण्यांचं शवविच्छेदनही करतो. या दोन्ही कामांतून माझं मत असं बनलंय की सशांची संख्या घटली की नराकडे बोट सगळ्यात शेवटी दाखवावं. नरात दोष नसतोच असं नाही, असतो. पण संख्या घटायला तो क्वचितच पुरेसा पडतो.

कारण साधं आहे. रानससे जोडीने संसार करत नाहीत. एक नर अनेक माद्यांना लागतो आणि एक मादी अनेक नरांना घेते. युरोपातल्या सशांच्या एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे. गावात दहा वळू असले आणि त्यातले चार कुचकामी निघाले म्हणून गाई भाकड राहत नाहीत, उरलेले सहा काम भागवतात. पुढच्या वर्षी ससे किती असतील हे ठरतं ते माद्या किती जगल्या आणि त्यांची किती पिल्लं गवतातून जिवंत बाहेर आली यावर. नरांच्या नापासपणाने कळप बसायचा तर जवळजवळ सगळेच नर एकाच वेळी नापास व्हावे लागतील.

यावर कोणी म्हणेल, अमेरिकेत वांझ नर सोडूनच जखमेत अळ्या घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा नायनाट केला ना? केला. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर तो प्रयोग यशस्वी झाला आणि मग तोच उपाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेला. पण तो चालला कारण त्या माशीची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच नर घेते. तो एक नर वांझ निघाला की तिचा वंश संपला. सशिणीला अशी अडचण नाही. वरून तिच्यात एक सोय आहे: तिचं बीज आपोआप सुटत नाही, नर लागल्यावरच सुटतं. त्यामुळे एक संयोग फुकट गेला तरी मादी वर्षभरासाठी बाद होत नाही, काही दिवसांनी पुन्हा नर घेते. युरोपातली सशीण तर याच्याही पुढे आहे. पोटात पूर्ण दिवसांची पिल्लं असताना, विण्याच्या तीन-चार दिवस आधीच ती नर घेते आणि पुढच्या वेताची गर्भधारणा सुरू होते. बर्लिनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे सोनोग्राफी लावून दाखवून दिलं. गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा, पण या युक्तीमुळे दोन वेतांतलं अंतर ३८ दिवसांवर येतं. इतक्या घाईने विणाऱ्या प्राण्याला नराच्या किरकोळ दोषाने रोखता येत नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण देतो, कारण वीर्याचा अहवाल वाईट म्हणजे वंश संपला असं समजणाऱ्यांना ते ऐकवावंच लागतं. गीरच्या सिंहांच्या वीर्याची तपासणी १९८०च्या दशकात झाली आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सेरेंगेटीच्या सिंहांत सदोष शुक्राणू सुमारे पाव होते. गीरच्या सिंहांत ते दोन-तृतीयांशाच्या घरात निघाले. नराचं संप्रेरकही कमी. कारण उघड होतं: एकेकाळी मूठभर उरलेल्या सिंहांपासूनच आजची सगळी वस्ती वाढलेली, म्हणजे घरातल्या घरात सोयरिकी. हा अहवाल एखाद्या वळूचा माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याला बाद केलं असतं. आणि गीरमध्ये काय झालं? २०१५ च्या गणनेत ५२३ सिंह, २०२० मध्ये ६७४, २०२५ मध्ये ८९१. खायला मिळालं, मारणारे थांबले, छावे जगले; शुक्राणू वाकडेतिकडे असूनही संख्या वाढली. यावरून वीर्याचा दोष बिनमहत्त्वाचा ठरत नाही, त्याकडे पुढे येतो.

आता युरोपातल्या त्या संशयाकडे. तिथला तपकिरी रानससा १९६०च्या दशकापासून बहुतेक देशांत घटत गेला हे खरं आहे. तिथे शिकारीची नोंद ठेवायची जुनी पद्धत आहे, त्यामुळे घट कागदावर स्पष्ट दिसते. नरांची तपासणी झाली ती मुख्यत्वे शिकारीत मारलेल्या सशांची. इथे एक मोठी फसगत आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

मध्य युरोपात सशाची शिकार शरदात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला होते. त्या अक्षांशावर दिवसाची लांबी विलक्षण बदलते. बर्लिनला जूनमध्ये जवळपास सतरा तासांचा दिवस असतो, डिसेंबरात पावणेआठ तासांचाही नसतो. दिवस आखडायला लागला की मेंदूतली ग्रंथी रात्रीचं संप्रेरक जास्त वेळ स्रवते आणि नराचे वृषण आक्रसायला लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांचं वजन उन्हाळ्याच्या तुलनेत अगदी किरकोळ उरतं, शुक्राणू बनणं जवळजवळ थांबतं. डिसेंबरात पुन्हा भरायला सुरुवात होते आणि जानेवारीत नर माद्यांच्या मागे पळायला लागतात. म्हणजे नोव्हेंबरच्या शिकारीतले नर कापून कोणी ‘शुक्राणू सापडले नाहीत’ असं लिहिलं, तर त्याने रोग पाहिलेला नाही, ऋतू पाहिला आहे. सुज्ञ अभ्यासकांना हे ठाऊक असतं आणि ते महिनावार नमुने घेतात. पण बातमी होते ती ‘शुक्राणू घटले’ एवढीच.

दुसरं असं की शुक्राणू एका दिवसात तयार होत नाही. सशाच्या जातकुळीत मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू व्हायला सुमारे दीड महिना लागतो. आज काचपट्टीवर जे दिसतं ते दीड महिन्यापूर्वीच्या ताप, उपासमार किंवा उष्म्याचं फळ असतं. एका नमुन्यावरून नराला वांझ ठरवणारा माझ्या लेखी घाईचा माणूस.

ठाण्यात दिवसाची लांबी हिवाळ्यात सुमारे अकरा तास आणि उन्हाळ्यात सव्वातेरा. एवढ्याशा फरकाने आपल्या काळ्या मानेच्या सशाचे वृषण तसे आक्रसत नाहीत. तो वर्षभर विणतो, पावसाळ्यात जास्त. राजस्थानच्या रेताडातल्या त्याच्याच भाईबंदांवर झालेल्या जुन्या अभ्यासातही वर्षभर वीण आणि पावसाळ्यात जोर असंच चित्र आहे. त्यामुळे युरोपचा नर आणि आपला नर यांची आकडेवारी शेजारी ठेवून काहीच हाती लागत नाही.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते हे सांगतो, म्हणजे ‘चार ससे तपासू’ किती सोपं किंवा अवघड ते कळेल. रात्री गाडीखाली आलेला नर वनखात्याने सकाळी लवकर आणून दिला तर उपयोग होतो. दुपारच्या उन्हात फुगलेला आणला तर नाही. ससा उताणा केला की आधी गोंधळ होतो, कारण वृषण हाताला लागत नाहीत. सशाची जांघेतली वाट आयुष्यभर उघडी असते आणि घाबरला किंवा ओटीपोटावर दाब आला की वृषण पोटात सरकतात. नवख्याला वाटतं की नर खच्ची आहे. पोटावर हलका दाब देऊन ते खाली आणावे लागतात. मग वृषणाच्या टोकाला चिकटलेली अधिवृषणाची गाठ कापायची. शुक्राणूंचा साठा तिथे असतो. काचपट्टी आधी शरीराच्या तापमानाइतकी गरम करून ठेवायची, थंड काचेवर जिवंत शुक्राणूही गारठून पडतात आणि आपण त्यांना मेलेले समजतो. एक थेंब तसाच पाहायचा, दुसऱ्याला इओसिन-निग्रोसिनचा रंग द्यायचा. काळपट पार्श्वभूमीवर जिवंत शुक्राणूचं डोकं पांढरं राहतं, मेलेल्याचं गुलाबी होतं. शेपटीला गाठ, दुमडलेली मान, डोकं वेगळं आणि शेपूट वेगळं, असे दोष मोजत बसायचं. रस्त्यावर मेलेले नर आले तेव्हा मी हे पाहिलंय. वेळेत आलेल्या, पूर्ण वाढ झालेल्या नरांत काचपट्टी चांगली भरलेली असते, आणि शेपट्या वळवळणारे शुक्राणूही असतात. मूठभर मेलेल्या सशांवरून मी डोंगरभरच्या सशांचा निवाडा करणार नाही, पण ‘सगळे नर वांझ’ हे एवढ्यानेही मोडीत निघतं.

खरं तर दोष नराचा की मादीचा की पिल्लांच्या मरण्याचा, हे ओळखायला नरापेक्षा मादी जास्त बोलते. युरोपात मेलेल्या सशिणींचं गर्भाशय उघडून पाहतात. जिथे जिथे वार चिकटली होती तिथे काळपट डाग उरतो आणि वीण संपल्यावरही काही महिने दिसतो. डाग मोजले की गेल्या हंगामात किती पिल्लं पोटात धरली ते कळतं. निरोगी मादीचा वर्षाचा आकडा दहाच्या आसपास जातो. मग शरदात मिळालेल्या सशांत त्या वर्षीची पिल्लं किती ते पाहायचं. वय ओळखायच्या दोन युक्त्या आहेत. एक, पुढच्या पायाच्या मनगटाच्या जरा वर बाहेरच्या बाजूला अंगठा फिरवला की लहान सशात हाडावर गाठ लागते. सात-आठ महिन्यांनंतर ती बुजते. दुसरी, डोळ्यातलं भिंग. ते आयुष्यभर वाढत राहतं, म्हणून काढून, सुकवून तोलतात. युरोपच्या सशात २८० मिलिग्रॅमच्या आतलं भिंग म्हणजे वर्षाच्या आतला ससा.

आता हिशेब बघा. डाग भरपूर आणि शरदात पिल्लं नाहीत, तर नराने आपलं काम केलंय, मादीनेही केलंय, पिल्लं गवतात मेली. डागच नाहीत, पण अंडाशयावर पीतपिंड (बीज सुटल्यावर उरणाऱ्या पिवळ्या गाठी) आहेत, तर नर लागला होता, बीज सुटलं होतं, गर्भ राहिला नाही किंवा टिकला नाही. इथे नराच्या वीर्याकडे किंवा मादीच्या गर्भाशयाकडे संशयाने बघायला हरकत नाही. पीतपिंडही नाहीत, तर मादीला नर लागलाच नाही किंवा ती उपाशी, आजारी आहे. युरोपात हा हिशेब बहुतेक ठिकाणी पहिल्या खणात जाऊन बसतो. जन्म होतात, पिल्लं जगत नाहीत.

का जगत नाहीत? रानसशाचं पिल्लू पाळीव सशासारखं बिळात जन्मत नाही. ते उघड्या गवतात, अंगावर केस आणि डोळे उघडे अशा अवस्थेत येतं. पहिल्या काही दिवसांतच भावंडं पांगून वेगवेगळी बसतात. आई दिवसभर त्यांच्या जवळ फिरकत नाही. सूर्य मावळल्यावर एकदा येते, काही मिनिटांत पाजते आणि जाते. चोवीस तासांत एवढंच. पिल्लाचा बचाव एकच, हलायचं नाही. कोल्ह्यापुढे ते कधी कधी चालतं, गवत कापायच्या यंत्रापुढे चालत नाही. युरोपात शेतं मोठी होत गेली, बांध गेले, तणनाशकांनी रानगवत आणि फुलझाडं गेली. त्या तणांत चरबी जास्त असते आणि सशिणीच्या दुधात वीस टक्क्यांच्या वर चरबी लागते. आई निकृष्ट चरली की दूध आटतं, पिल्लू थंडीत गारठतं. त्यात रोग आले. १९८०च्या सुमारास स्वीडनमध्ये सशांचं यकृत बसवणारा विषाणू लक्षात आला. २०१० मध्ये फ्रान्समध्ये बिळात राहणाऱ्या सशांत (पाळीव ससा याच जातीचा) नवा रक्तस्रावी रोग दिसला आणि तो रानसशांतही शिरला. २०१८ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये मिक्सोमाच्या विषाणूचा नवा अवतार तिथल्या सशांना मारायला लागला. या सगळ्यापुढे नराचे शुक्राणू थोडे कमी-जास्त, हा प्रश्न फार मागे राहतो.

आता आपलं खारघर आणि ठाण्याजवळचं येऊरचं जंगल. आपल्याकडे यंत्राने गवत कापत नाहीत, पण गवत जळतं. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत जानेवारीपर्यंत वाळून कोळ होतं आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत कोणीतरी काडी लावतं. कोणी नव्या फुटव्यासाठी, कोणी शिकारीसाठी, कोणी दारू पिऊन विडी टाकून. वर्षभर विणणाऱ्या प्राण्याची उन्हाळ्यातली पिल्लं त्यात जातात, कारण त्यांना न हलण्याचीच शिकवण आहे. मोठा ससा पळतो, पण पळून जायचं कुठे? जळलेल्या उतारावर त्याला ना आडोसा ना चारा. वणव्यानंतर आठवडाभराने उतारावर गेलात तर काळ्या राखेत सशाच्या जुन्या लेंड्या जशाच्या तशा पडलेल्या दिसतील: वाटाण्याएवढ्या, जरा चपट्या, फोडल्या तर आत नुसता गवताचा भुसा. पांढुरक्या होऊन जळालेल्या. नव्या, पिवळसर-तपकिरी लेंड्या दिसतील त्या फक्त जळण्यातून सुटलेल्या झुडपाच्या कडेला.

दुसरी गोष्ट बोलायला कटू आहे, कारण ती चांगल्या मनाने केली जाते. आपल्याला उघडा, गवताळ उतार दिसला की तो पडीक वाटतो आणि पावसाळा आला की आपण खड्डे खणायला जातो. २०१६ पासून राज्यभर कोट्यवधी रोपांची मोहीम झाली. २०१९ पर्यंत पन्नास कोटींचं उद्दिष्ट होतं. डोंगरांवर गिरिपुष्पासारखी पटकन वाढणारी झाडं दाट लावली की सावलीत गवत मरतं. ससा जंगलाच्या गाभ्यातला प्राणी नाही. त्याला गवत, झुडूप आणि मोकळी जागा एकमेकांलगत लागतात. आपण डोंगर हिरवा केला आणि सशाचं घर मोडलं. माझ्या डॉक्टर मित्रांना हे सांगितलं की ते चिडतात, त्यांनी दरवर्षी रविवार घालवलेले असतात.

तिसरं, कुत्री. डोंगराच्या पायथ्याशी सोसायट्या आल्या, कचराकुंड्या आल्या, कुत्र्यांना खाऊ घालणारे आले. शिवाय पहाटे चालायला येणारे आपले पाळीव कुत्रे वर गेल्यावर पट्टा सोडून देतात. ‘तो काही करत नाही हो, नुसता धावतो.’ तो नुसता धावणं पुरेसं आहे. कॅनडाच्या युकॉनमधल्या क्लुआने भागात बर्फातल्या सशांवर फार मोलाचा प्रयोग झाला, २००९ मध्ये छापून आला. कुंपणात ठेवलेल्या गाभण सशिणींसमोर एक शिकवलेला कुत्रा एक दिवसाआड मिनिट-दोन मिनिटं नेला जायचा. त्याने कोणाला तोंडही लावलं नाही. ज्यांच्या अंगात ताणाचं संप्रेरक वाढलं त्यांची पिल्लं कमी, लहान आणि हलकी झाली. त्या भागात ससे आणि लिंक्स मांजरं यांचा आठ ते अकरा वर्षांचा चढ-उतार प्रसिद्ध आहे, आणि उताराच्या काळात मादीमागे पिल्लांची संख्या निम्म्याहून खाली येते ती नर नापास झाल्याने नव्हे, माद्यांच्या मागे लागलेल्या ससेमिऱ्याने. आपल्या डोंगरावर बिबट्याची भीती सशाला पिढ्यान् पिढ्या सवयीची आहे. रोज सकाळी सहा ते आठ कुत्र्यांची फेरी ही नवी आहे.

रात्री बॅटरीच्या झोतात ससा जागच्या जागी थिजतो, त्यामुळे चोरटी शिकार सोपी जाते. गाड्यांखाली तर रोजच मरतात. पारसिकच्या डोंगराच्या खाणींनी उतार खाल्ले, उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना दिसतंच आहे.

इथून पुढे मात्र नराचा मुद्दा खरोखर येतो. डोंगरांचे तुकडे पडले. घोडबंदर रोडने नागला बंदरच्या बाजूचं जंगल येऊरपासून तोडलं, खारघर-पारसिकच्या भोवती महामार्ग आणि वस्ती. ससा सहा पदरी रस्ता रोज रात्री ओलांडून जिवंत राहत नाही. तुकड्यात थोडे ससे उरले की काही पिढ्यांत सगळेच एकमेकांचे नातेवाईक होतात. ब्रिटनमधल्या बिळात राहणाऱ्या रानटी सशांवर २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या नरांत जनुकांची विविधता कमी, त्यांच्यात सदोष शुक्राणू जास्त. फ्लोरिडाच्या प्यूमा या मोठ्या रानमांजरात तर न उतरलेले वृषण, हृदयाचे दोष आणि बहुतांश शुक्राणू सदोष इथवर वेळ आली होती. १९९५ मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडल्या, तेव्हा ती वस्ती सावरली. म्हणजे नराची प्रजननक्षमता ढासळते, पण बहुतेक वेळा संख्या आधी घटते आणि वीर्य नंतर बिघडतं. क्रम उलटा धरला की उपायही उलटे सुचतात.

कारखान्यांच्या रसायनांबद्दल. रसायनांनी नरांची वाट लागू शकते, यात वाद नाही. फ्लोरिडातल्या अपोप्का तळ्यात १९८० मध्ये कीटकनाशकाच्या कारखान्यातून गळती झाली आणि पुढे तिथल्या मगरींच्या नरांचं लिंग लहान, संप्रेरक कमी असं आढळलं. पण त्याच तळ्यात माद्यांचे अंडाशयही बिघडले आणि अंडी उबेनात. विष नर-मादी बघून येत नाही. आणि ते साठतं जास्त करून पाण्यात राहणाऱ्या, मासे-मांस खाणाऱ्या प्राण्यांत. डोंगरमाथ्यावर गवत चरणारा ससा नाल्याच्या वर आहे आणि अन्नसाखळीतही खालच्या पायरीवर आहे. तळोज्याच्या नाल्याचं पाणी पिऊन नुकसान व्हायचं तर आधी कासाडी नदीतल्या माशांचं आणि बगळ्यांचं दिसेल. संशय असेल तर गिधाडांच्या बाबतीत झालं तसं व्हावं: मेलेली गिधाडं उघडली, मूत्रपिंडांत चुन्यासारखा पांढरा थर साचलेला दिसला, मग कारण शोधलं, २००४ मध्ये डायक्लोफेनॅक या जनावरांना देत असलेल्या वेदनाशामक औषधावर बोट ठेवता आलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधी शव, मग आरोप.

प्रश्नात नाही, पण सांगून ठेवतो. हौसेने आणलेले पांढरे ससे नकोसे झाले की लोक ते येऊरला किंवा खारघरला सोडतात. ‘रानसशात मिसळतील’ असं त्यांना वाटतं. मिसळत नाहीत. पाळीव सशाच्या गुणसूत्रांची संख्या ४४, रानसशाची ४८. संकर होत नाही. सोडलेला ससा दोन-तीन रात्रींत कुत्र्याच्या तोंडी जातो आणि तोवर आपले रोग-परोपजीवी गवतात सांडून जातो.

तुम्हाला पकडण्याऐवजी करण्याजोगं काम देतो. ‘दिसत नाही’ हा पुरावा कच्चा आहे. तुम्ही उजाडल्यावर निघायला लागलात, रस्त्यावर दिवे आले, वर्दळ वाढली, तर ससा असूनही दिसत नाही. लेंड्या मोजा. वाटेपासून थोडं आत, गवत-झुडपाच्या कडेला, एक-एक मीटरचे वीस-पंचवीस चौकोन ठरवा, कोपऱ्याला छोटे दगड ठेवा, आणि सगळ्या लेंड्या वेचून चौकोन रिकामे करा. महिन्याने त्याच चौकोनांत नव्या किती पडल्या ते मोजा. पावसाळ्यात करू नका, लेंड्या विरघळतात, वाहून जातात. नोव्हेंबर ते मे हा काळ बरा. जळलेला उतार, न जळलेला उतार, दाट लागवडीखालचा भाग, कुत्र्यांची वर्दळ असलेला आणि नसलेला, असे चौकोन वाटून घेतलेत तर एका हंगामात तुम्हाला नराच्या वीर्यापेक्षा कितीतरी जास्त कळेल. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, फक्त हातमोजे द्या. येऊरच्या बाजूला करायचं असेल तर ते राष्ट्रीय उद्यान आहे, आधी परवानगी घ्या. कॅमेरा लावायचा असेल तर नक्कीच.

आकडे हाती आल्यावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जा आणि हिवाळ्यातच जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढून घ्यायचा आग्रह धरा. मार्चमध्ये अर्ज करून उपयोग नाही, तोवर अर्धा डोंगर जळालेला असतो. जमलं तर गवताळ उताराचा एक तुकडा लागवडीतून वगळायला सांगा.

आणि गवतात एकटं पिल्लू दिसलं तर ते अनाथ नसतं. आई संध्याकाळी येणार आहे. उचलून घरी आणून गाईचं दूध पाजलंत तर चार टक्के चरबीच्या दुधावर त्याचं भागत नाही आणि पोट बिघडून ते मरतं. कुत्र्याने धरलेलं, जखमी किंवा अंगावर मुंग्या चढलेलं असेल तरच हात लावा, खोक्यात अंधारात ठेवा, काही पाजू नका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.